पंख्याचं पर्यवेक्षण

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कधी माइक लागला नाही. तीस खाटांच्या वॉर्डात या टोकाला मी ‘ट्रे!’ म्हटलं की त्या टोकाची शिकाऊ पोरगी किडनी ट्रे घेऊन पळत यायची आणि मधल्या खाटांवरचे दोन-तीन पेशंट उगाचच उठून बसायचे. एका आजोबांनी तर डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना सोडून मलाच हात जोडले. ‘बाई, बरा झालो, आता वरडू नका’ म्हणाले. सांगायचा मुद्दा एवढाच की शिकाऊ मुलामुलींवर देखरेख हा माझा पिढीजात म्हणावा असा धंदा. सिस्टर ट्यूटर म्हणून मी शेकडो पोरींच्या लॉगबुकावर सह्या केल्या आणि त्याहून जास्त पोरींना रडवलं. या विषयात मला कुणी काही शिकवावं अशी वेळ निवृत्तीपर्यंत आली नाही. निवृत्तीनंतर आठ महिन्यांत आली.

2021 चा मे महिना. दुसरी लाट जोरात होती. 3 मे रोजी केंद्र सरकारनं जाहीर केलं की एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची मुलं फोनवरून सल्ला द्यायला आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवायला घ्यावीत, आणि बीएस्सी, जीएनएम झालेल्या परिचारिकांना पूर्णवेळ कोविड ड्यूटी द्यावी. सगळं वरिष्ठांच्या देखरेखीखाली. ‘देखरेखीखाली’ हा शब्द कागदावर फार पटकन लिहून होतो. वरिष्ठ होत्या कुठं? त्या पीपीई किटच्या आत घामानं निथळत होत्या. जाणते हात कोविड वॉर्डाकडं ओढले गेले आणि खेड्यातल्या उपकेंद्रांवर लसीकरण, गरोदर बायका, तान्ही बाळं असला सगळा रोजचा संसार एकेका नर्सबाईच्या आणि आशाताईच्या डोक्यावर पडला. त्यांच्या मदतीला शिकाऊ मुलं पाठवायची ठरली. आणि एका संस्थेनं मला फोन केला. संस्थेचं नाव सांगत नाही. त्यांचं काही चुकलं नाही, जे चुकलं ते सगळं माझं.

आमच्या इस्लामपूरची कोरोनाशी ओळख तशी इतरांच्या आधीची. 2020 च्या मार्चमध्ये परदेशातून आलेल्या एका कुटुंबातले चौघं बाधित निघाले आणि बघता बघता त्याच गोतावळ्यातला आकडा पंचवीसच्या घरात गेला. रोज टीव्हीवर गावाचं नाव. मुंबईचे पाहुणे फोन करून ‘अजून आहात का?’ असं विचारायचे. पुढं महिनाभरात ती साखळी तुटली तेव्हा त्याच टीव्हीवर ‘इस्लामपूर पॅटर्न’चं कौतुक झालं. (2025 मध्ये सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर केलं. पण ही गोष्ट इस्लामपूरची आहे, आणि रेंजच्या बाबतीत दोन्ही नावांचा अनुभव सारखाच आहे.) ती पहिली साखळी आली तेव्हा मी नोकरीत होते, मास्क लावूनसुद्धा आवाज त्या टोकाला पोचत होता.

फोनवरच्या साहेबांनी सांगितलं, “मॅडम, सहा शिकाऊ आहेत. पाच मुली, एक मुलगा. सहा उपकेंद्रं. तुम्ही घरबसल्या टॅबवरून बघायचं, चुकलं तर सांगायचं, लॉगबुक भरायचं.”

‘घरबसल्या’ या शब्दानं माझा घात केला. आठ महिने घरी बसून माझी अशी अवस्था झाली होती की दूधवाल्याच्या हाताची नखं तपासत होते. मी लगेच हो म्हटलं. टॅब आला, टॅबला उभं करायची घोडी आली, आणि पुतण्यानं हौसेनं गोल दिवा आणून दिला. तो लावला की माझा चेहरा हळदीच्या दिवशीच्या नवरीसारखा उजळायचा.

आमचे हे साखर कारखान्यात काट्यावर होते. तीस वर्षं त्यांनी उसाच्या गाड्यांची वजनं केली. त्यांनी टॅब हातात घेऊन तोलल्यासारखा केला आणि विचारलं, “ह्यातनं तू नाडी बघणार?”

“नाडी पोरी बघतील. मी पोरींना बघणार.”

“गाडी काट्यावर चढल्याशिवाय वजन होत नाही,” हे म्हणाले. “फोटो दाखवून ऊस मोजलेला मी कधी बघितला नाही.”

मी लक्ष दिलं नाही. कारण माझ्या पाठीशी प्रत्यक्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी होती. नर्सिंगमधल्या प्रत्येक मुलीला ती दिवा घेतलेली बाई माहीत असते; क्रिमियाच्या लढाईनंतर बाईंनी काय केलं ते फार जणींना माहीत नसतं. 1859 साली हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला विलायतेत शाही आयोग नेमला गेला आणि त्यामागं सगळी खटपट या बाईंची. इथल्या छावण्यांना त्यांनी प्रश्नावली धाडल्या. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठं जातं, बराकीत माणसं किती दाटीनं झोपतात. उत्तरांचे गठ्ठे वाचून 1863 च्या अहवालात त्यांनी सरकारचे कान उपटले आणि पुढंही कित्येक वर्षं हिंदुस्थानच्या आरोग्यावर लिहीत राहिल्या. बाई आजारी असायच्या. पुष्कळ काम लंडनमध्ये अंथरुणात पडून केलं. हिंदुस्थानात त्या एकदाही आल्या नाहीत. हे सगळं मी यांना ऐकवलं आणि वर म्हटलं, “बोटीनं जाणाऱ्या पत्रावर बाईंनी अख्खी फौज सांभाळली. मला तर इथून अकरा किलोमीटरवरचं उपकेंद्र बघायचंय, तेही व्हिडिओवर.”

हे एवढंच म्हणाले, “त्यांच्या गॅसवर दूध ठेवलेलं नसायचं.”

या वाक्याकडं मी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं होतं.

घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी यायची, म्हणून माझं पर्यवेक्षण केंद्र फडताळाच्या मधल्या कप्प्यावर, हळद-तिखटाच्या डब्यांच्या रांगेत स्थापन झालं. मागं ओटा, ओट्यावर शेगडी. पहिल्या दिवशी मी सकाळी नऊला कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून उभी राहिले. नदीकाठच्या एका गावातलं उपकेंद्र लागलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मला अजून विसरलेली नाहीत. तिथली मुलगी फार गप्प. ‘हो मॅडम’ आणि ‘नाही मॅडम’ याच्यापलीकडं शब्द नाही. मी तिला हात धुवून दाखवायला सांगितलं. तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट, सगळ्या पायऱ्या क्रमानं. तिनं फोन टेबलावर आडवा ठेवला आणि नळाकडं गेली. पडद्यावर छताचा पंखा दिसू लागला.

आता खरं तर ‘फोन उभा कर’ एवढं म्हणायचं होतं. पण पहिलाच दिवस, मला वाटलं हा पंखा म्हणजे मधला काही तरी टप्पा असेल, आपोआप सरकेल. पाण्याचा आवाज येत होता. मी ‘अंगठा! अंगठा राहिला!’ असं अंदाजानं ओरडत होते. अंगठा बहुतेक सगळ्यांचाच राहतो, त्यामुळं हे चौतीस वर्षांच्या अनुभवावर बिनधोक ओरडता येतं. मग ती कुणाला तरी टोचायला गेली, मग कुणाचं तरी वजन केलं. चाळीस मिनिटं मी त्या पंख्याचं पर्यवेक्षण केलं. शेवटी काही तरी लिहायलाच पाहिजे म्हणून लॉगबुकात लिहिलं, ‘कौशल्य समाधानकारक. पंख्याच्या पात्यांवर धूळ.’

दुसऱ्या दिवशी पंखा पुसलेला होता. एवढ्या तत्परतेनं माझी सूचना वॉर्डात कधी कुणी पाळली नव्हती.

टॅबचं दुसरं दुखणं मला सांगायला लाज वाटते, पण विनोदी लेख लिहायला घेतल्यावर लाज बाळगून चालत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आपलीही एक चौकट दिसते. सहा शिकाऊंच्या सहा चौकटी आणि सातवी माझी. गोल दिव्यात उजळलेली. मी प्रामाणिकपणे सांगते, माझी निम्मी नजर त्या सातव्या चौकटीवर असायची. केस किती पिकलेत, ओरडताना भुवई वर जाते का, हनुवटीखाली हे कधी आलं. वॉर्डात चौतीस वर्षं स्वतःला ओरडताना मी कधी बघितलं नव्हतं. बघितल्यावर त्या आजोबांनी हात का जोडले ते समजलं.

अशाच एका आत्मनिरीक्षणाच्या वेळी चष्मेवाली मुलगी एका म्हाताऱ्याचं बीपी घेत होती. मी केस सारखे करत होते. सहज पडद्याकडं बघितलं आणि कडाडले, “अगं, डावा दंड सांगितला होता! डावा!” पोरीनं कफ सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला. मी परत केस बघितले, परत पडदा बघितला. “डावा म्हटलं ना मी!” पोरीनं परत सोडला, परत बांधला. म्हातारा समोर बसलेला, त्याचा डावा तो माझा उजवा, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. मला ते तिसऱ्या वेळी कळलं. तोवर म्हातारबुवांनी दोन्ही हात वर केले होते आणि म्हणत होते, “आगं बया, हात वर करतो, पर नेमकं काय पायजे ते तरी ठरवा.” त्यांचं बीपी 170 च्या वर गेलेलं होतं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं शांत बसवून मगच मोजायचं, हा माझाच धडा. शांत बसवायला त्या खोलीत शांतता हवी होती, आणि ती माझ्यामुळं नव्हती.

टोचायचे कोन शिकवायला मी वांगी घेतली. नर्सिंगच्या वर्गात संत्री असतात, आमच्याकडं त्या दिवशी वांगी होती. स्नायूत टोचायचं तर सुई 90 अंशात सरळ, कातडीखाली टोचायचं तर 45, आणि कातडीतल्या कातडीत, बीसीजीसारखं, तर 10 ते 15 अंशात जवळजवळ आडवी. मी एकेक वांगं धरून, डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या सिरिंजनं सुंदर टोचून दाखवलं. पण टॅबची घोडी मिठाच्या बरणीवर किंचित कलली होती. तिकडं माझी 90 ची सुई 60 मध्ये दिसली. पोरांनी गुरूवर विश्वास ठेवून 60 मध्ये टोचलं, तेही आपापले फोन कललेले ठेवून, त्यामुळं मला ते बरोबर 90 दिसलं. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. शेवटी एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी मुलीचा हात धरून सुई सरळ केली. पडद्यावर मला ती तिरपी झालेली दिसली आणि मी नर्सबाईंना झापलं. बावीस वर्षं सेवा झालेल्या बाई त्या. काही बोलल्या नाहीत, फोन उलटा करून ठेवला. वीस मिनिटं पडदा काळा.

वांग्यांची संध्याकाळी भाजी केली. हे म्हणाले, “भरली वांगी आज जरा पाणचट झाल्यात.”

सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टर लांबून पेशंट बघतात ते मला पटतं. 2020 च्या एप्रिलपासून लोक घरात बसून त्यावर डॉक्टर गाठायला लागले आणि त्या दिवसांत कितीतरी माणसांचा दवाखान्याचा हेलपाटा वाचला. डॉक्टर विचारतो, ऐकतो, लिहून देतो. त्यातलं बरंचसं तारेवरून जातं. आमचं काम निराळं. तापलेल्या पोराच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून बघायची, ती मागची बाजू टॅबला नाही. ड्रेसिंग सोडायच्या आधीच जखमेत पू झालाय हे वासावरून ओळखायचं, आणि वास येत नाही. पोरीचा हात थरथरायला लागला की शेजारी उभं राहून आपलं कोपर तिच्या कोपराला लागू द्यायचं, एवढ्यावर थरथर थांबते; हे मी शंभरदा केलं असेल, पण त्याला नाव काय आणि ते लॉगबुकात कुठल्या रकान्यात येतं हे मला आजही माहीत नाही. हे शहाणपण मला जूनअखेर सुचायला लागलं होतं. ते मान्य करून टॅब परत करावा एवढं मात्र सुचलं नाही. जुलै उजाडला.

त्या सकाळी पाऊस होता. उसाच्या पिकात वारं भरलं की रेंज जाते असं नदीकाठच्या गावातले लोक छातीठोक सांगतात, आणि त्या गावाभोवती ऊस पुरुषभर उंच. गप्प मुलीच्या उपकेंद्रात चार महिन्यांचं बाळ आलं होतं, खोकला आणि नाक वाहतंय. अशा वेळी छातीला यंत्र लावायच्या आधी श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा वर, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा वर, वर्षापासून पाच वर्षांपर्यंत 40 किंवा वर भरले तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाची शंका. एवढे तीन आकडे मी पोरांच्या कानात इतकी वर्षं कोंबले आहेत की झोपेतही येतात. मी म्हटलं, “झबलं वर कर. कॅमेरा पोटाजवळ आण. तू मोज, मीही मोजते.” बाकीचे पाचजणही त्याच कॉलवर बघत होते. मागं गॅसवर दूध होतं.

बाळाचं पोट हलायला लागलं. एक, दोन, तीन. सोळाव्या सेकंदाला मी बारावर होते. आणि पोट थांबलं.

मी वाट बघितली. तेरा नाही. पोट थांबलेलं. बाळाच्या आईचा पदरही थांबलेला होता, मागच्या खिडकीत पावसाची धार थांबलेली होती, गप्प मुलीची पापणी अर्ध्यावर थांबलेली होती. हे सगळं मला दिसत होतं. पण चौतीस वर्षांची सवय बाळाच्या पोटाला चिकटलेली. चित्र अडकलंय हे डोळ्यानं सांगितलं, गळ्यानं ऐकलं नाही. मी अशी किंचाळले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. “श्वास थांबला! सरळ निजव! मान किंचित मागं! तोंडात बघ काय आहे!” चित्र तिकडून येत नव्हतं, आवाज इकडून व्यवस्थित जात होता. उपकेंद्राच्या व्हरांड्यात लसीसाठी बसलेल्या पंचवीस-तीस माणसांनी तो ऐकला. मग गप्प मुलीची चौकटच काळी झाली.

मी तिला फोन लावला. लागेना. परत लावला. ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.’ माझ्या पोटात गोळा आला. मागाहून कळलं, ती मलाच लावत होती. मी तिला, ती मला, आणि मधे ती गोड आवाजाची बाई दोघींना व्यस्त म्हणून सांगत होती.

“अहो, स्कूटर काढा!”

यांनी काही विचारलं नाही. काट्यावरच्या माणसाला गाडी रांगेतून कधी काढायची ते कळतं. मी साडीवर यांचा रेनकोट चढवला. बहे रस्त्याला लागल्यावर पाऊस तोंडावर असा मारत होता की डोळे उघडेनात. मला त्या वेळी काय आठवावं? ग्रॅहॅम बेल. 10 मार्च 1876 ला टेलिफोनवरून जे पहिलं वाक्य गेलं ते बेलनं पलीकडच्या खोलीतल्या मदतनिसाला सांगितलेलं होतं, आणि त्यात एवढंच होतं की इकडं या, तुम्हाला भेटायचंय. हे मी दर वर्षी पोरांना गंमत म्हणून सांगायची. अकरा किलोमीटर यांच्या पाठीला घट्ट धरून मी तीच गंमत भोगत होते.

उपकेंद्राच्या दारात रेनकोटातून पाणी गाळत उभी राहिले तेव्हा बाळ आईच्या पदराखाली दूध पीत होतं. चुटूचुटू आवाज येत होता. व्हरांड्यातली एक आजी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून शेजारणीला म्हणाली, “ह्याच व्हय त्या टॅबमधल्या? त्यात जरा उजळ दिसत्यात.”

गप्प मुलगी कागद घेऊन पुढं आली. “मॅडम, 46. दोनदा मोजले. पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकून रडायला लागलं होतं, म्हणून थांबले. गप्प झाल्यावर पूर्ण मिनिट मोजले. छाती आत ओढली जात नाही, दूध पितंय. आईला धोक्याची लक्षणं सांगितली. दोन दिवसांनी परत दाखवायला सांगितलंय.” जून महिन्यात ती जेवढं बोलली नव्हती तेवढं एका दमात बोलली. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण मला दमच नव्हता.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या नजरेत काही तरी बदललं. ही नजर मी ओळखते, ती मीच शिकवलेली आहे. “मॅडम, खुर्चीत बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीवर. पाच मिनिटं बोलू नका.”

आयुष्यात मला ‘बोलू नका’ म्हणणारी ती दुसरी व्यक्ती. पहिले ते आजोबा. मी बसले. पाच मिनिटांनी तिनं रेनकोटाची बाही काढली, उघड्या दंडाला कफ बांधला, डाव्या, हात हृदयाच्या पातळीवर टेकवला. मी एकही चूक काढू शकले नाही. 168 वर 100. नर्सबाईंनीही बघितलं, तेवढंच भरलं. मी म्हटलं धावपळ झाली, म्हणून. ती म्हणाली, “उद्या आणि परवा परत मोजू.”

एवढ्यात यांचा फोन वाजला. शेजारच्या वहिनी.

वहिनींनी जे सांगितलं आणि पोरांनी मागाहून जे सांगितलं ते जोडून बनलेली हकीकत अशी. मी दार उघडं टाकून पळाले तेव्हा टॅब चालूच होता. गप्प मुलगी कॉलमधून गेली होती, पण उरलेले पाचजण होते, आणि माझी चौकट रिकामी झाल्यामुळं त्यांना आता पहिल्यांदाच माझ्या मागचं काही तरी दिसत होतं. ओटा, शेगडी, पातेलं. पातेल्यातलं दूध चढलं, उतू गेलं, ज्योत विझली. बटन तसंच. पाचातल्या एकुलत्या मुलानं ते टिपलं आणि तो त्याच्या उपकेंद्रातून ओरडायला लागला. मग पाचहीजण ओरडायला लागले. शेजारच्या वहिनी साखरेची वाटी परत द्यायला आलेल्या. घरात कुणी नाही आणि फडताळातून तिखटाच्या डब्याशेजारून पाच आवाज येतायत. बाई घाबरून वाटी टाकून पळणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, “मावशी, पळू नका! गॅस सुटलाय. शेगडीचं डावीकडचं बटन बंद करा. तुमच्या डावीकडचं! माझ्या डावीकडचं नव्हं! लाइटचं बटन दाबू नका. खिडकी उघडा, दोन्ही दारं उघडा.” वहिनींनी पदर सावरून ते सगळं केलं. एवढ्यावर त्यानं सोडलं नाही. “बटन दिसत नाही नीट. मावशी, जरा बाजूला व्हा. हां, आता सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करा आणि मला दाखवा.” वहिनींनी दाखवला. मग त्यांनी टॅबला नमस्कार केला. का ते त्यांनाही सांगता येईना.

मुलानं ही घटना आपल्या लॉगबुकात नोंदवली. तारीख, वेळ, निरीक्षण, कार्यवाही, परिणाम, सगळे रकाने नीट भरून, आणि खाली पर्यवेक्षकाची सही मागितली. त्या दोन महिन्यांत जे काही दुरून, पडद्यावरून, नीट पार पडलं त्याची ती एकमेव नोंद आहे. मी सही केली. शेरा काही लिहिला नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, 22 जुलैपासून, पाऊस असा कोसळला की कृष्णा गावात आली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 50 फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी 45. नदीकाठच्या गावांचे रस्ते तुटले, वीज गेली, टॅबचा पडदा चार दिवस काळा. गप्प मुलगी नर्सबाई आणि आशाताईबरोबर शाळेत उघडलेल्या निवारा छावणीत होती. कुणाची साखरेची गोळी, कुणाचा नववा महिना, कुणाच्या पायाला पाण्यातून चालून झालेल्या चिखल्या. सगळ्यांची यादी तिनं शाळेच्या वहीत केली होती. मी पुढं ती वही बघितली. चुका शोधायला म्हणून चष्मा लावला, शेवटच्या पानावर चष्मा काढला. पाणी उतरल्यावर मी टॅब, घोडी आणि गोल दिवा परत केला. गोल दिवा पुतण्यानं ठेवून घेतला.

माझं बीपी दुसऱ्या दिवशी 152 वर 94 आणि तिसऱ्या दिवशी 150 वर 96 भरलं होतं. डॉक्टरांनी गोळी लावली. म्हणाले, हे आजचं नाही, तुम्ही कधी मोजलंच नसेल. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं मोजत होते, खरंच नव्हतं मोजलं. गप्प मुलगी आता एका उपकेंद्रात कायमची लागली आहे. क्षयाच्या पेशंटनं गोळी आपल्यासमोर गिळली तरच ती घेतली असं धरायचं, हे मी तिला शिकवलेलं. ते तिनं मला लागू केलंय. रोज सकाळी आठला तिचा मेसेज येतो, ‘घेतली का?’ नुसतं ‘हो’ चालत नाही, तळहातावर गोळी ठेवून फोटो पाठवावा लागतो.

परवाच्या फोटोत गोळी आलीच नव्हती, पंखा आला होता. तिनं परत काढायला लावला.